तांडेलाचा टॉवेल आणि माझं 'हो'

आधी त्या बाईंचं सांगतो, मग काय झालं ते. त्या नसत्या तर हे लिहायला मी मुरूडात उरलोच नसतो.

मोहल्ल्याच्या टोकाला, नारळाच्या वाडीला लागून त्यांचं घर. घराच्या मागच्या पडवीला भिंत घालून केलेली एक खोली आहे, तिच्यात मी पाच वर्षं राहतोय. गल्ली त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणते, म्हणून मीही खाला म्हणतो. नवरा आखातात, माल पोचवायच्या ट्रकवर. त्यांना मी खालू म्हणतो आणि आजवर दोनदाच पाहिलंय. घरात पुरुषमाणूस नसलं की खाला दाराच्या पडद्याआडून बोलतात. तेवढ्यावरून त्या भित्र्या असतील असं कुणाला वाटलं तर त्यानं एकदा त्यांना बाजारात बोंबील घेताना ऐकावं. कोळणी आवाज ऐकूनच टोपलीवर फडकं टाकतात.

त्या पडद्याची एक रीत आहे. कुणीही दार वाजवलं तरी आतून दोनच प्रश्न येतात. "कोन?" आणि "कशाला?" पहिल्याचं उत्तर दिलंत म्हणून दार उघडत नाही. दुसऱ्याचंही द्यावं लागतं. आणि ते पटलं नाही तर, "नको. नंतर या." बस. माफी नाही, कारण नाही. गॅसवाला असो, मतं मागणारा असो, सख्ख्या नणंदेचा दीर असो. मला सुरुवातीला हा माजुरडेपणा वाटायचा. ह्या बाईकडे असं काय सोनं पुरलंय, असं मी मनात म्हणायचो. माणूस मूर्ख असला की असंच म्हणतो.

आता माझं. मी हिंगोलीकडचा. सातवीच्या मध्यात शाळा सोडली, म्हणजे सुटली. मांडव्याजवळ एका बंगल्याच्या बांधकामावर आलो होतो. बंगला झाला, मालक आत आले, आम्ही बाहेर. पुढं फिरत फिरत मुरूडला, तिथं एका तांडेलाला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, बोटीवर स्वयंपाकाला माणूस हवा होता. भाकरी थापता येते का, एवढंच त्यानं विचारलं. पोहता येतं का हे विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आजही येत नाही. ज्या माणसानं विहिरीपेक्षा मोठं पाणी चोविसाव्या वर्षापर्यंत पाहिलं नव्हतं, तो आठवड्यातले पाच दिवस दर्यावर स्टोव्ह पेटवत बसतो. भीती वाटते का असं लोक विचारतात. वाटते. रोज वाटते. सवय होते असं म्हणणारे खोटं बोलतात किंवा त्यांना पोहता येतं.

बोटीवर आम्ही सात जण. तांडेल आमचा मोठा अवलिया. दर्यात पाण्याखाली एक खडक आहे, तिथं जाळं टाकलं तर फाटतं, म्हणून गळ टाकतात. तांबोशी लागते, हेकरू लागतो, नशिबात असेल तर घोळ. ती जागा तांडेलाला त्याच्या बापानं दाखवली, बापाला त्याच्या काकानं. किनाऱ्यावरची एक खूण दुसऱ्या खुणेच्या आड गेली आणि तिसरी डाव्या हाताला उघडी पडली की खाली खडक. त्या तीन खुणा कोणत्या हे मला पाच वर्षांनी अंदाजानं कळलंय आणि ते मी इथं लिहिणार नाही. एकदा जीभ पोळली आहे.

आता बोटीवर जागा दाखवणारं यंत्र आलंय. आकडे दिसतात, नकाशा दिसतो. तांडेल ते वापरतो, पण खडक जवळ आला की खांद्यावरचा टॉवेल काढून त्या डब्यावर टाकतो. लाल चौकड्यांचा टॉवेल. आम्ही सहा जण पगारावरचे, उद्या दुसऱ्या बोटीवर जाऊ, म्हणून आमच्यापासूनही झाकायचं. यात कुणाला अपमान वाटत नाही. बंदराची रीतच आहे. परत आल्यावर कुणी विचारलं, "कुठं गेलता रं?" तर उत्तर ठरलेलं, "पान्यात." विचारणाराही हसतो, सांगणाराही. असल्या बंदरात, असल्या बोटीवर मी काय केलं ते ऐका.

दिवाळीनंतर जेट्टीवर एक टी-शर्टवाला आला. चांगला चाळिशीचा, पोट सुटलेला, पण अंगात कॉलेजातल्या पोरासारखा पोपटी टी-शर्ट आणि त्यावर हसरा मासा. मासा कशाला हसेल? आमच्याकडे आलेला एकही मासा मी हसताना पाहिलेला नाही. त्याच्याकडे एक अ‍ॅप होतं, कोळी बांधवांसाठी, संपूर्ण मोफत. भाव कळणार, भरती-ओहोटी कळणार, वादळाची सूचना तीन तास आधी कळणार.

वादळ म्हटल्याबरोबर मी पुढं झालो. बाकीचे विडी ओढत बसले होते. त्यांना वारा नाकानं कळतो. मला काहीच कळत नाही, मला तीन तास हवे होते. तीन तासांत मी काय करणार होतो कोण जाणे. पोहायला शिकणार होतो बहुतेक.

टी-शर्टवाल्यानं माझ्या हातातच फोन ठेवून अ‍ॅप उतरवायला लावलं. मग एकेक पाटी येऊ लागली. अ‍ॅपला तुमचं स्थान वापरण्याची परवानगी द्यायची का? संपर्क पाहण्याची? फोटो? मायक्रोफोन? मी थबकलो, तर तो म्हणाला, "दादा, सगळ्याला 'हो' करत चला. फॉर्मॅलिटी असते." स्थानाच्या पाटीवर तर त्यानं स्वतः वाकून दाखवलं. "इथं 'नेहमी परवानगी द्या' करा. 'फक्त वापरताना' केलंत तर वादळ आलेलं कळणार कसं? तुम्ही झोपलेले असाल!"

मी 'नेहमी' केलं.

आता मला त्या क्षणाची किळस येते, पण तेव्हा काय वाटलं तेही सांगायला हवं. मी परजिल्ह्यातला माणूस. माझ्याकडे आयुष्यभर लोकांनी मागितलंय. आधार दाखव, फोटो दे, अंगठा लाव, गावचा पत्ता सांग, जामीन कोण सांग. बोट बंदरातून निघताना नोंद, परतताना नोंद, ओळखपत्र गळ्यात. कुणी काही मागितलं की मी 'नाही' म्हणतो हे माझ्या डोक्यातच येत नाही. नाही म्हटलं की आपल्याला इथून काढतील, एवढंच येतं. त्यात हा फोन 'परवानगी' मागत होता! मला! सातवी अर्धवट माणसाला! मला त्याचं जरा कौतुकच वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं, आणि मी ते न वाचता देऊन टाकलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर माणूस म्हणवून घ्यायला जागा होती. पण बोटीवर मराठी भराभर वाचणारा मी एकटा. तांडेलाचा चष्मा कायम घरी. त्यानं लांबूनच फोन पुढं केला. "माज्या पन टाक रं. भाव कळंल." मी टाकला. बाकीच्यांतल्या तिघांनीही दिले. मी पाचही फोनांवर वाकून, अंगठा टेकवत, हो, हो, हो, नेहमी, हो असं करत गेलो. एकीकडे मोठेपणाही वाटत होता. मास्तर झाल्यासारखं. अशा मास्तराला उलटं टांगायला हवं होतं.

टी-शर्टवाला मग दिसला नाही.

अ‍ॅपचं काय झालं? भाव यायचे, ते आदल्या दिवशीचे. ते आम्हाला लिलावात आधीच कळलेले असत. एकदा दुपारी वारा असा फिरला की मी स्टोव्ह विझवून खांबाला मिठी मारून बसलो होतो, आणि खिशात फोन थरथरला. मला वाटलं, आली सूचना. काढून पाहिला, तर हसरा मासा म्हणत होता, "आजचा दिवस मासेमारीसाठी छान आहे!" बाकीच्यांना दाखवला तर ते त्याही परिस्थितीत हसले. तांडेल सुकाणूवरून ओरडला, "त्या माशाला म्हनावं, ये वर!"

मार्गशीर्षात एका सकाळी आम्ही खडकावर पोचलो. तांडेलानं नेहमीप्रमाणे टॉवेल काढला, डब्यावर टाकला, मान वर केली आणि तसाच उभा राहिला. समोर दोन बोटी नांगर टाकून. आम्ही गळ सोडेपर्यंत आणखी तीन आल्या. त्यातली एक रेवदंड्याची, दोन तर कुठल्या ते आम्हाला ओळखूही येईनात. तीन पिढ्यांत त्या जागी दुसरी बोट दिसली नव्हती, असं म्हणतात. बाजूच्या बोटीवरून कुणीतरी हात हलवला, "राम राम, तांडेल! तुमी पन इकडंच?" ह्या 'पन'नं त्याचा चेहरा असा झाला की मी मान खाली घालून कांदा चिरू लागलो, गरज नसताना.

आठ दिवसांत खडक रिकामा झाला. आमच्यासकट सहा बोटींचे गळ एका खडकावर, दुसरं काय होणार. वर आली ती बारकी तांबोशी, वितीएवढी. आमचा तांडेल तेवढी कायम परत सोडायचा. इतरांनी नाही सोडली.

बोटीवर बोलणं बंद झालं. जागा कुणीतरी फोडली होती, आणि फोडणारा आमच्यातलाच हे सगळ्यांनी धरलं. बाकी पाच जण एकमेकांचे नातलग किंवा शेजारी. राहिला कोण? भाकऱ्या थापणारा. तांडेलाच्या भाच्यानं जाळं गुंडाळता गुंडाळता मला ऐकू जाईल असं म्हटलं, "हिंगोलीवाल्याचं काय, आज हितं, उद्या तिथं. त्याला दर्या काय आन् डबकं काय." दुसरा म्हणाला, "नवीन बूट घेतलंय म्हनं." बूट मी दसऱ्याला घेतले होते. मी खुलासा करायला तोंड उघडलं आणि माझाच आवाज मला चोराचा वाटला. मग मिटलं.

शनिवारी उतरताना तांडेल माझ्याकडे न बघता म्हणाला, "सोमवारी येऊ नको. बगू नंतर."

बगू नंतर म्हणजे काय हे मला कळतं. ह्या बंदरावर जागा फोडणाऱ्याला दुसरी बोट घेत नाही. इथंच नाही, रेवदंड्यापर्यंत घेत नाही. तिथवर बातमी बोटीच्या आधी पोचते. मी पुन्हा कुठल्या तरी बंगल्याच्या पायावर विटा वाहणार होतो, आणि पाठीवर शिक्का, ज्याचं मीठ खाल्लं त्याची जागा विकली. विकली नव्हती. पण हे सिद्ध करायला माझ्याकडे काय होतं? गरीबाकडे शपथ असते, तीही दुसऱ्याला खरी वाटेल तेवढीच.

रविवारी सकाळी मी खोलीत ट्रंक भरायला घेतली. खालांच्या अंगणातली बोरं वाळत होती, त्यांच्यावरून कावळे हाकलायला त्या मागच्या दाराशी आल्या. पडद्यामागून आवाज आला.

"गावाला निगालास? आता? कोन गेलं?"

"कोणी नाही, खाला."

"मग कशाला?"

मी म्हटलं ना, दोन प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर मला द्यावं लागलं. ओट्यावर बसून सगळं सांगितलं, खडक, बोटी, बूट, सगळं. माझं संपल्यावर खाला म्हणाल्या, "तू कुनाला बोललास?"

"आईशप्पथ नाही."

"आईला कशाला मधे आनतोस? फोन दे हिकडं."

पडद्याखालून हात बाहेर आला. मी फोन ठेवला. आत गेला. बराच वेळ नुसती बांगडी वाजत होती. मग, "ह्यो हसनारा मासा कोन?"

मी सांगितलं. वादळ, भाव, वगैरे. सांगताना प्रत्येक शब्द जास्त जास्त बावळट वाटू लागला.

"ह्याला तुजी जागा कशाला? आन् तुजा आवाज कशाला? मासं काय ऐकायला येनार हाय तुला? टेलिफोनची वही कशाला? तुज्या आईला पापलेट विकनार हाय?"

"फॉर्मॅलिटी असते म्हणाला."

"व्हय, चोर पन दार वाजवताना फॉर्मॅलिटीच करतो."

मग त्यांनी अ‍ॅप उघडलं. मी आजवर भाव आणि वारा सोडून त्यात काही पाहिलं नव्हतं. खाली एक खूण होती, 'तुमच्या जवळ मासे कुठे?' ती त्यांनी दाबली. फोन पुन्हा पडद्याखालून माझ्याकडे आला, आणि त्यांचं बोट त्यावर.

"हितं काय हाय रे? भर पान्यात?"

निळा नकाशा, किनारा, आणि किनाऱ्यापासून लांब, काहीच नसायला हवं तिथं एक नारिंगी डाग. खाली लिहिलेलं, 'इथे बोटी जास्त वेळ थांबतात.' खाला जन्मात बोटीत बसलेल्या नाहीत. त्यांनी पंधरा मिनिटांत तो खडक शोधला होता, जो तांडेल आयुष्यभर लपवत आला. बोटीवर रेंज जाते-येते. नसली की हे लिहून ठेवत होतं, आणि किनारा जवळ आला की ओकत होतं. खिशातच. मी भाकऱ्या थापत असताना.

"मीच फोडली, खाला," मी म्हणालो.

"फोडली न्हाय. दार उघडं ठेवलंस. ते बी वाईटच."

मग त्यांनी मला शिकवलं. आयतं बंद करून दिलं नाही, पडद्याआडून माझ्याकडून करून घेतलं. सेटिंग उघड. अ‍ॅप्स. त्याच्यात हा मासा. त्याच्यात परवानग्या. वाच. मोठ्यानं वाच. "स्थान. नेहमी परवानगी आहे." काय करायचं? "परवानगी देऊ नका." दाब. पुढचं वाच. माझ्या फोनमधली टॉर्च संपर्क वाचत होती. टॉर्च! एक कॅलेंडर होतं, एकादशी-चतुर्थी दाखवणारं, ते माझा मायक्रोफोन धरून बसलेलं. एकादशीला मी काय खातो हे ऐकायला असेल. एका पत्त्यांच्या खेळाला माझी जागा हवी होती. मी कुठं बसून हरतो हे त्याला कळायलाच पाहिजे ना. आणि प्रत्येकाखाली तेच गोड वाक्य, 'तुमचा अनुभव अधिक चांगला करण्यासाठी.' माझा अनुभव आहे, त्याची काळजी तुम्हाला कशाला?

मी विचारलं, "खाला, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

बांगडी थांबली. "तुज्या खालूच्या कंपनीनं त्याच्या फोनात असंच एक टाकलंय. गाडी कुठं, किती वेळ थांबली, नमाजला थांबली का पेट्रोलला थांबली. ते बंद केलं की दुसऱ्या दिवशी कामाला येऊ नको. मी त्याला शिकवायचं म्हनून शिकले, सगळी बटनं शोदून काडली. मग तो म्हनाला, बंद करता येतं गं, मला करता येत न्हाय." पुढं म्हणाल्या, "त्याला 'नको' म्हनायची सोय न्हाय. तुला हाय. तरी तू म्हनत न्हाईस. ह्याचा मला राग येतो."

मी पुढचं अ‍ॅप उघडलं.

रोज सकाळी खालांच्या दारी मासे घेऊन येते ती आमच्या तांडेलाचीच बायको. सोमवारी ती आली तेव्हा मी खोलीतून ऐकत होतो. खालांनी आधी बांगड्याचे डोळे लाल असल्यावरून तिला सुनावलं, मग म्हणाल्या, "तुज्या दादल्याला सांग, माज्या खोलीतला मानूस काडायच्या आधी सोताचा फोन घेऊन हितं ये म्हनावं."

"माजा दादला न्हाय येनार कुनाच्या दारात."

"मग बांगडा पन ने परत."

बोट त्या दिवशी निघालीच नव्हती. जायला जागा कुठं होती? दुपारच्या जेवणाआधी तांडेल आला. ओट्याच्या कडेवर टेकला, टॉवेल खांद्यावर, माझ्याकडे पाठ. "बोला, खाला."

"फोन द्या."

त्यानं दिला. पडदा हलला. आत काय दिसणार हे मला माहीत होतं. माझा फोन दाखवून तिथंच थांबलो असतो तर चूक माझ्या एकट्याच्या फोनापुरती ठरली असती. तांडेलाच्या फोनात तो मासा निघाला की तो तिथं कुणी टाकला, हा पुढचा प्रश्न येणार होता. निघाला.

"स्थान, नेहमी," खालांनी आतून वाचलं. "तांडेल, तुमच्याच खिशात बसलाय ह्यो. तुमी डब्यावर टॉवेल टाकता, ह्याच्यावर काय टाकता?"

नकाशा त्याला दाखवला. चष्मा नव्हता, तरी तो डाग त्याला दिसला. मग खालांनी विचारलं, "हे कुनी टाकलं फोनात?"

"मी," मी म्हणालो. तांडेलानं तोंड उघडायच्या आधी. "माझ्या फोनात, तांडेलांच्या, आणि बोटीवरच्या आणखी तिघांच्या. पाचही ठिकाणी मीच दाबलं."

तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "वाचलं व्हतंस का?"

"नाही."

"का?"

"वादळाचं म्हणाला तो. भ्यालो."

"अरं, तुला वाचता येतंय म्हनून तुज्याकडं फोन दिला व्हता. न वाचता दाबायला माजं बोट काय मोडलं व्हतं?"

पडद्यामागून हसू फुटलं, लगेच दाबलं गेलं. तांडेल हसला नाही. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, जणू तो पहिल्यांदाच बघतोय. "इतकी वर्सं," म्हणाला. मग एक शिवी दिली. मला होती, माशाला होती की टॉवेलाला, ते मी विचारलं नाही.

उठताना खालांना म्हणाला, "ह्याच्यावर भरोसा ठेवावा का?"

"भितो," त्या म्हणाल्या. "पन आता कबूल कुनी केलं? तुमच्या भाच्यानं?"

पायरी उतरून तो थांबला. "उद्या पाचला. आन् पाची फोन तूच बंद करायचं. वाचून."

खडक गेला तो गेला. त्या नारिंगी डागावर आजही कुणीतरी बोटी नेत असेल आणि रिकाम्या आणत असेल. त्यांना मासाच हसताना दिसेल. आम्ही दुसऱ्या जागा धुंडाळतोय. तांडेल त्याच्या बापानं सांगितलेल्या जुन्या गोष्टी आठवतो, अर्ध्या आठवत नाहीत. ते माझ्या अंगठ्यामुळं, आणि ते मला कुणी सांगायला नको. बोट बंदरातून निघाली की सगळे फोन पत्र्याच्या पेटीत, बंद करून, आणि पेटीची चावी माझ्याकडे. चेष्टा होते. "ओ हिंगोली, आईला फोन लावायचा हाय, परवानगी द्या!" मी विचारतो, "कशाला?" बोट हसते. मी मात्र खरंच विचारत असतो.

बंदरावर आता लोक फोन घेऊन माझ्याकडे येतात. निम्मे म्हणतात, "माझ्याकडं काय हाय लपवायला?" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. तुझ्याकडे काही नसेल रे, पण तुझ्या खिशात दुसऱ्याचं असतं. तुझ्या मालकाचा खडक असतो, तुझ्या बहिणीचा नंबर असतो. टॉर्चला तो नंबर देऊन टाकणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात दया नाही. मीही तोच होतो, म्हणूनच नाही.

खालांना मी एकदा म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू? त्या म्हणाल्या, कावळे हाकल. मी हाकलतो. पण ते फेडणं नव्हे.

खालू अजून तिकडेच आहेत. कुठं थांबले, किती वेळ थांबले, सगळं कुणाच्या तरी पडद्यावर. ते ज्या दिवशी कायमचे परत येतील त्या दिवसासाठी मी तांडेलाकडून शब्द घेऊन ठेवलाय, बोट एक दिवस मला. खाला जन्मात बोटीत बसलेल्या नाहीत, त्यांना बसवणार. दोघांचे फोन माझ्या हातानं बंद करून पेटीत टाकणार, खालूंच्या फोनातलं ते कंपनीचं त्यांच्याच बोटानं काढायला लावणार. मग रेंज संपते त्याच्याही पुढं नेणार, गळ टाकणार, लागेल ते तिथंच स्टोव्हवर करून वाढणार. आणि परत आल्यावर बंदरावर कुणी विचारलं, कुठं गेलता, तर उत्तर खालांनी द्यायचं. काय द्यायचं ते मी त्यांना आत्ताच शिकवून ठेवलंय.